मिथेनॉल-पाण्याचा फ्लॅश ड्रम: पुण्यातल्या प्रयोगशाळेतल्या नोंदी

४ नोव्हेंबर

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना व्हेपर-लिक्विड इक्विलिब्रियम (वाफ आणि द्रव यांचा समतोल) शिकवताना दरवर्षी फळ्यावरच फ्लॅश होतो, म्हणजे गरम मिश्रणाचा काही भाग वाफ होऊन द्रवापासून वेगळा होतो. यंदा खरा ड्रम उभा करायचा ठरलं. विभागाकडून मिळालेत पंधरा हजार रुपये. पंप जुनाच आहे, डायफ्रॅमचा मीटरिंग पंप, तासाला पाच लिटरपर्यंत जाणारा.

मिश्रण मिथेनॉल आणि पाणी. इथेनॉल घेतलं असतं तर एक्साइजच्या परवान्याच्या मागे सेमिस्टर गेलं असतं. बेंझिन-टोल्युइन पुस्तकात गोड वागतं, पण बेंझिनने कॅन्सर होतो आणि मुलांच्या नाकासमोर ते उकळायची माझी तयारी नाही. मिथेनॉलही विषारीच, म्हणून सगळं काम फ्यूम हुडखाली (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात). त्याचा फ्लॅश पॉइंट (वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान) ११ अंशांच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या हवेत ते जवळजवळ कायमच पेट घ्यायला तयार असतं. उघडी कॉइल, बर्नर, ठिणगी पडणारा स्विच, काहीही जवळ नको.

ठरवलेलं फीड, म्हणजे ड्रममध्ये सोडायचं मिश्रण: ४० मोल टक्के मिथेनॉल (वजनाने ५४ टक्के), तासाला ३ लिटर. अपेक्षा अशी की यातला तीस टक्के भाग वाफ होऊन वर जावा.

९ नोव्हेंबर

भोसरीतून ड्रम करून आणला. तीन इंची एस.एस. ३०४ पाइप, उंची ४० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना फ्लँज, मध्यावर फीडचं नोझल, वर वाफेचं, खाली द्रवाचं. आर्गन वेल्डिंगसकट ७,२०० रुपये. खालच्या फ्लँजची वेल्ड पाण्याच्या टेस्टला गळली. कारागिराने दुसऱ्या दिवशी फुकट भरून दिली, पण जाण्यायेण्यात दिवस गेला. टेस्ट त्यांच्याच दुकानात, आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावी.

व्यासाची काळजी करू नका. थेंब उडू न देता वाफ किती वेगाने चढू शकते हे सांगणाऱ्या साउडर्स-ब्राउनच्या सूत्राने, डिमिस्टर (थेंब अडवणारी जाळी) नसतानाही, सेकंदाला दीडेक मीटर वेग चालतो. आमच्या ड्रममध्ये वाफ सेकंदाला सहा सेंटिमीटरने वर चढते. या आकाराला थेंब उडून जायचा प्रश्नच येणार नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

१४ नोव्हेंबर

पहिली मांडणी पुस्तकातल्या चित्रासारखी: पंप, मग तेलाच्या बाथमध्ये बुडवलेली सहा मिलिमीटरची चार मीटर तांब्याची कॉइल, मग नीडल व्हॉल्व, मग ड्रम. फीड कॉइलमध्ये १०० अंशांपर्यंत तापवायचं, दोन किलो गेज (वातावरणापेक्षा तेवढ्या जास्त) दाबाखाली द्रवच ठेवायचं आणि व्हॉल्वमधून वातावरणाच्या दाबाला सोडायचं. (१०० अंशांना या मिश्रणाचा स्वतःचा दाब सुमारे २.४ बार अ‍ॅब्सोल्यूट येतो, म्हणून दोन किलो गेज पुरतात.)

व्हॉल्व उघडला. वरची वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या टोकाला थेंब. थोड्या वेळाने आणखी एक थेंब. प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "सर, सलाईन लावलंय का?"

१५ नोव्हेंबर

हिशोब आधी करायला हवा होता, तो आज केला. मिश्रणाची उष्माधारिता मोलला सुमारे ८१ ज्यूल प्रति अंश. १०० वरून ७४ अंशांवर उतरताना सुटतात २,१०० ज्यूल. एक मोल वाफ करायला लागतात ३७,००० च्या आसपास. म्हणजे फ्लॅश होणार जेमतेम साडेपाच टक्के! तीस टक्के हवे असतील तर फीड २१० अंशांच्या वर तापवावं लागेल, आणि तेवढा दाब आमच्या नळ्या सोसणार नाहीत.

ही साडेपाच टक्के वाफ तरी का दिसली नाही, तेही कळलं. उघडा ड्रम हवेत अंदाजे ५० वॅट सोडतो. तेवढ्यात तासाला पाच मोल वाफ भिंतीवर पाणी होते, आणि आम्ही करत होतो तासाला सहा.

पुस्तकातलं व्हॉल्ववालं चित्र खोटं नाही. रिफायनरीत दाब आणि तापमान दोन्ही भरपूर असतात, तिथे ते शोभतं. टेबलावर करायचं असेल तर उष्णता बाहेरूनच द्यावी लागते.

उपाय स्वस्त निघाला: व्हॉल्व कॉइलच्या अलीकडे घेतला. आता फीड कॉइलमध्येच उकळतं आणि काही वाफ, काही द्रव असं ड्रममध्ये शिरतं. लागणारी उष्णता: २७ अंशांवरून तापवायला आणि तीस टक्के उकळायला मिळून साधारण पावणेपाचशे वॅट, शिवाय बाथची गळती. आमचा ५०० वॅटचा हीटर पुरणार नाही. एक किलोवॅटचा मागवला, ६५० रुपये. व्होल्टेज कमी-जास्त करायला डिमरस्टॅट आहेच.

२३ नोव्हेंबर

हीटर यायला आठवडा लागला. तोवर नमुने मोजायची तयारी केली आणि तिथे दुसरा खड्डा लागला.

विभागात अपवर्तनांक मोजणारा अ‍ॅबे रिफ्रॅक्टोमीटर आहे, म्हणून तोच वापरायचा बेत होता. कॅलिब्रेशनसाठी वजनाने मिश्रणं केली आणि आलेख काढला तर मधे टेकडी! पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, शुद्ध मिथेनॉलचा १.३२९ च्या आसपास, आणि मधल्या मिश्रणाचा १.३४३ पर्यंत चढतो. म्हणजे एकाच आकड्याला दोन उत्तरं. त्यातून आमचं फीड (वजनाने ५४ टक्के) आणि अपेक्षित बॉटम, म्हणजे ड्रमच्या खालून निघणारा द्रव (४२ टक्के), टेकडीच्या दोन उतारांवर बसतात आणि रिफ्रॅक्टोमीटरवर जवळपास सारखेच दिसतात. मिथेनॉल-पाण्याला हे यंत्र बाद.

घनता मोजायची २५ मिलिलिटरची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बॉटल काढली. घनता एकाच दिशेने उतरते, ४० ते ६० टक्क्यांच्या पट्ट्यात दर टक्क्याला साधारण ०.००२. बाटली २० अंशांच्या पाण्यात ठेवून मगच तोलायची. एक अंश चुकला तर उत्तर अर्ध्या टक्क्याने हलतं.

नमुना गरम असताना उघड्या चंचुपात्रात घेऊ नका. मिथेनॉल डोळ्यांदेखत उडून जातं. बर्फात ठेवलेली बाटली, तोंडाला रबरी बूच, त्यातून नळी आत.

२७ नोव्हेंबर

तापमापी. पीटी-१०० सेन्सर आणि डिजिटल इंडिकेटर. कॅलिब्रेशनला उकळत्या पाण्यात धरला तेव्हा आकडा आला ९८.१. एका मुलाने तत्परतेने ऑफसेट फिरवून १०० करून ठेवला आणि वहीत लिहिलं, "इंडिकेटर दुरुस्त केला."

इंडिकेटर बरोबरच होता. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब ७६० मिलिमीटर नसून ७११ च्या आसपास असतो आणि पाणी ९८.१ लाच उकळतं. ऑफसेट परत शून्यावर आणला.

दाबाची दुसरी गंमत अशी की मोबाइलवर हवामानाचं अ‍ॅप पुण्याचा दाब १०१२ हेक्टोपास्कल दाखवतं. तो समुद्रसपाटीला उतरवून सांगितलेला आकडा असतो, खरा असतो ९४८ च्या जवळ. फिजिक्स विभागात फोर्टिनचा बॅरोमीटर भिंतीवर टांगलेला आहे, त्यावर आज ७११. यापुढे प्रत्येक प्रयोगाआधी तिथे जाऊन वाचायचं. मुंबईत किंवा रत्नागिरीत करणाऱ्यांना ही कटकट नाही, त्यांना पुस्तकातले आकडे जसेच्या तसे चालतील.

३० नोव्हेंबर

प्रयोगाशी तुलना करायला हिशोबाची स्प्रेडशीट. तापमानावरून बाष्पदाब देणाऱ्या अँटॉइन समीकरणाचे स्थिरांक (मिलिमीटर पारा, सेल्सिअस): मिथेनॉल ८.०८०९७, १५८२.२७१, २३९.७२६, पाणी ८.०७१३१, १७३०.६३, २३३.४२६. वाफेचा वाटा काढायचं रॅचफर्ड-राइस समीकरण न्यूटनच्या पद्धतीने सोडवू नका. सुरुवातीचा अंदाज चुकला की ते ०-१ च्या बाहेर पळतं. मधोमध कापत जायची बायसेक्शन संथ आहे, पण फसत नाही.

आधी नुसता राउल्टचा नियम (मिश्रण आदर्श आहे असं धरणारा) लावला. x म्हणजे द्रवातला मिथेनॉलचा मोल वाटा, y म्हणजे वाफेतला. ७११ मिलिमीटर, फीड ०.४०, वाफ तीस टक्के: तापमान ८२.०, x ०.३०, y ०.६२.

मग व्हॅन लारचे अ‍ॅक्टिव्हिटी कोइफिशंट (मिश्रण आदर्श नसल्याची दुरुस्ती) घातले, स्थिरांक ०.८० आणि ०.५६. आता तापमान ७६.५, x ०.२९, y ०.६६. छापील समतोलाचे आकडे दाबाप्रमाणे पावणेदोन अंश खाली आणले की तेही इथेच येतात.

रचनेत फरक थोडा वाटतो, पण तापमानात साडेपाच अंश! ७६.५ अंशांना राउल्टला विचारलं तर तो म्हणतो, या फीडमधून एक थेंबही उकळणार नाही, सगळं द्रव. प्रत्यक्षात तेव्हा एक तृतीयांशाच्या जवळ वाफ निघत असते. "मिथेनॉल आणि पाणी दोन्ही साधे रेणू, राउल्ट चालेल" असं आम्हीच वर्गात सांगत आलोय.

आणखी एक: या मिश्रणाचा बबल पॉइंट (उकळायला सुरुवात होते ते तापमान) इथे ७३.५ आहे आणि तीस टक्के वाफ ७६.५ ला. म्हणजे एका अंशाला वाफेचा वाटा दहा टक्क्यांनी बदलतो. तापमापीवरून वाफेचा वाटा काढायचा नाही. दोन्ही बाटल्या तोला.

७ डिसेंबर

नवीन हीटर, व्हॉल्व अलीकडे. पहिला धडाचा रन.

तासभर काहीच स्थिर होईना. बॉटमच्या नळीतून द्रव संपला की वाफ खालूनच पळायची, मग बाटलीत बुडबुडे, मग ड्रमचा दाब पडायचा. खालच्या नळीला इंग्रजी यू अक्षरासारखा वळसा दिला, त्यात कायम द्रव भरलेला राहतो. प्रश्न मिटला. ही गोष्ट कुठल्याही आकृतीत दाखवत नाहीत आणि हिच्याशिवाय काहीच चालत नाही.

नंतर तापमान हळूहळू चढू लागलं. कंडेन्सरची नळी बाटलीतल्या द्रवात बुडाली होती. १४० मिलिमीटर पाण्याइतका उलटा दाब म्हणजे दहा मिलिमीटर पारा, म्हणजे एक तृतीयांश अंशाहून जरा जास्त. नळी वर घेतली, बाटलीला व्हेंट दिला, व्हेंट हुडमध्ये सोडला.

दुपारी चारनंतर आकडे: x ०.३०, y ०.६५, वाफेचा वाटा ०.२८६. x ०.३० ला पुस्तकातला y ०.६६५. दीड टक्क्याच्या आत! फीड = बॉटम + कंडेन्सेट (थंड होऊन द्रव झालेली वाफ) हा ताळेबंदही जुळला. मुलांनी फोटो काढले, चहा झाला. अहवाल लिहायला घ्या, म्हणालो.

९ डिसेंबर

अहवाल थांबवला. कॉइल धडधडते, हे सगळ्यांना ऐकू येतंय. द्रव-वाफेचे गोळे सुटे सुटे येतात आणि फीडचं नोझल ड्रमच्या मध्यावर सरळ समोरच्या भिंतीवर मारा करतं. तिथून उसळलेले थेंब वर गेले नसतील कशावरून? ताळेबंद जुळतो याला काही अर्थ नाही. थेंब वर गेले तरी ते कुठल्या ना कुठल्या बाटलीत पडतातच, बेरीज तीच राहते.

तपासणी सोपी आहे. फीडमध्ये मिठाईवाल्यांचा खायचा निळा रंग चिमूटभर टाकला. रंग उकळत नाही. कंडेन्सेट निळं आलं तर तो थेंबांनीच नेला.

(लाल किंवा केशरी रंग टाळा. मिथेनॉलच्या बाटलीत तो सरबतासारखा दिसतो. बाटल्यांवर "विष" लिहा आणि संध्याकाळी कपाट कुलूपबंद करा. मामांना हे वेगळं सांगितलं.)

१० डिसेंबर

कंडेन्सेट आकाशी! बॉटमचा द्रव पाण्याने दहापट पातळ केला की तसाच रंग दिसतो. म्हणजे "वाफे"त वजनाने दहाएक टक्के सरळ द्रव होता.

साउडर्स-ब्राउनचं सूत्र शांत वर चढणाऱ्या वाफेसाठी आहे. आमच्यासारख्या भिंतीवर आपटणाऱ्या पिचकारीबद्दल त्याला काही म्हणायचं नाही.

पण मग प्रश्न असा की दहा टक्के बॉटम मिसळूनही y पुस्तकाच्या इतका जवळ कसा? मिसळलेला द्रव काढला तर वाफेचा खरा y ०.७० निघतो, म्हणजे समतोलापेक्षा जास्त. एका टप्प्याच्या फ्लॅशला ते जमायलाच नको.

१६ डिसेंबर

दोन बदल केले. फीडचं नोझल कापून ड्रमच्या भिंतीला स्पर्शिकेसारखं बसवलं, म्हणजे मिश्रण भिंतीलगत गोल फिरून खाली उतरतं (वेल्डिंग ६०० रुपये). आणि कॉइलच्या शेवटचा मीटर दहा मिलिमीटरच्या नळीचा केला. धडधड थांबवायला नीडल व्हॉल्ववर दाबाचा उतारही वाढवला. उकळत्या नळीच्या तोंडाशी अडसर असला की प्रवाह शहाण्यासारखा वागतो. पंपाला त्याचं ओझं नाही.

रन: कंडेन्सेट काचेसारखं स्वच्छ. x ०.३०, y ०.७०, वाफेचा वाटा ०.२५.

यंत्र सुधारलं आणि उत्तर बिघडलं. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. एकाने सुचवलं की नोझल पूर्वीसारखंच ठेवावं. चेष्टेत म्हणाला असेल, पण अहवालाची तारीख जवळ आली की असले विचार गंभीरपणे येतात.

१७ डिसेंबर

गुन्हेगार नोव्हेंबरच्या पंधरा तारखेच्या नोंदीतच होता: भिंतीतून जाणारे ५० वॅट. फीडच्या वरचा वीस सेंटिमीटर ड्रम आणि वरचा फ्लँज उघडे. चढणारी वाफ तिथे थोडी थंड होते, तिच्यातलं पाणी जास्त प्रमाणात भिंतीवर उतरतं आणि ओघळून खाली येतं. उरलेल्या वाफेत मिथेनॉल वाढतं. आम्ही नकळत फ्लॅश ड्रमच्या डोक्यावर छोटा रिफ्लक्स (वाफेचा द्रव होऊन परत खाली येणं) बसवला होता. हिशोबही बसतो: दहा-पंधरा टक्के वाफ अशी गळली तर y ०.६६ वरून ०.७० च्या जवळ जातो.

म्हणजे सात तारखेला थेंब y खाली ओढत होते, भिंत वर ढकलत होती, आणि दोघांच्या भांडणात आमचा आकडा पुस्तकाशेजारी जाऊन बसला होता. त्या दिवशी चहावर गेलेले पैसे कुठल्या खात्यात टाकायचे ते कळत नाही.

२१ डिसेंबर

ग्लासवूल दोन इंच, वरून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, ३०० रुपये. पण नुसती लोकर पुरली नाही, y ०.६८ वर अडकला. फ्लँज जाड असतो आणि बोल्टमधून उष्णता बाहेर जातेच. म्हणून ड्रमच्या वरच्या अर्ध्या भागाला आणि फ्लँजला हीटिंग टेप गुंडाळला आणि भिंत आतल्या वाफेपेक्षा दोन अंश जास्त ठेवली. दहा अंश जास्त ठेवायचा मोह टाळा. मग भिंतीवर आलेला फीडचा पातळ थर पुन्हा उकळतो आणि चूक दुसऱ्या बाजूला जाते. टेपची वायर हुडच्या बाहेर काढून तिथे स्विच दिला. टेप १,१०० रुपये.

४ जानेवारी

सुट्टीनंतर पहिला रन. बॅरोमीटर ७१२. निळा रंग अजून फीडमध्ये आहे, कंडेन्सेट स्वच्छ.

ड्रममधल्या द्रवाचं तापमान ७६.६. x ०.२८५, y ०.६६, वाफेचा वाटा ०.३०७. तागडीचा आणि ताळेबंदाचा आकडा एकच. दुपारी पुन्हा घेतला, दुसऱ्या मुलांकडून, y अर्ध्या टक्क्याच्या आत.

अहवालात सात डिसेंबरचा रनही घालायला सांगितला, निळ्या कंडेन्सेटच्या फोटोसह. एका मुलीने विचारलं, "सर, त्याने गुण जाणार नाहीत ना?" माझ्याकडून तरी नाहीत.

११ जानेवारी

आता नुसती बाथची उष्णता बदलून वाफेचा वाटा दहापासून पन्नास टक्क्यांपर्यंत नेतोय. फीड तेच, त्यामुळे x-y आलेखावर (०.४, ०.४) या बिंदूतून जाणाऱ्या रेषा पंख्यासारख्या पसरतात आणि प्रत्येक रेषा समतोलाच्या वक्राला एकेका ठिकाणी टेकते. दहा टक्क्यांचा बिंदू अजून बरोबर पडत नाही, y जास्तच येतो. वाफ थोडी असली की भिंतीची तीच चोरी टक्क्यांत मोठी दिसते.

खर्च: ड्रम ७,२००, कॉइल आणि जोड १,६००, नीडल व्हॉल्व १,४००, हीटर ६५०, नोझलचं काम ६००, टेप १,१००, ग्लासवूल ३००, रबर-टेफ्लॉन-बाटल्या साधारण ९००. मिथेनॉल विभागाच्या साठ्यातलं. वापरलेलं सगळं एकत्र करून पुन्हा ४० मोल टक्क्यांवर आणतो आणि तेच फिरवतो, नवीन फार लागत नाही. प्रत्येक वेळी घनता पाहूनच. हुडमध्ये किती उडालं ते डोळ्यांना कळत नाही.

पुढच्या आठवड्यात दहा टक्क्यांच्या बिंदूसाठी ड्रमची फीडवरची उंची निम्मी करून बघणार. त्यासाठी मधे कापून फ्लँज लावावा लागेल. भोसरीला फोन केलाय. या वेळी पाण्याची टेस्ट तिथेच.